पळसाचे पाच रंग आणि नागपूरची हवा

लिनोकट म्हणजे लिनो नावाचा मऊ तक्ता कोरून त्यावरून छापलेले चित्र; त्याच्या रिडक्शन पद्धतीत चित्रातले सगळे रंग एकाच लिनोवरून छापले जातात. आधी जिथे कागद कोराच दिसायला हवा तेवढा भाग कोरून काढायचा आणि उरलेल्या पृष्ठभागावरून सर्वांत फिका रंग सगळ्या कागदांवर छापून घ्यायचा; मग जिथे तो फिका रंग कायम राहायला हवा तो भाग कोरायचा आणि उरलेल्यावरून जरा गडद रंग त्याच कागदांवर, आधीच्या छापावर छापायचा; असे करत शेवटच्या काळपट रंगापर्यंत जायचे. प्रत्येक रंगागणिक लिनोचा काही भाग कायमचा निघून जातो, त्यामुळे दुसऱ्या रंगासाठी कोरणे सुरू झाल्यावर पहिल्या रंगाची आणखी एक प्रत काढू म्हटले तर ती निघत नाही. किती प्रती, किती रंग आणि कोणत्या क्रमाने, हे सगळे हत्यार हातात घेण्यापूर्वीच ठरवावे लागते, आणि चित्राचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

यंदा फाल्गुन-चैत्रात मी पळसाच्या फांदीचे पाच रंगांतले चित्र या पद्धतीने केले. त्या कामाच्या आधाराने हा लेख लिहिते आहे. मला मुख्यतः सांगायचे आहे ते नागपूरच्या हवेविषयी. या विषयावरची बहुतेक पुस्तके युरोप-अमेरिकेतल्या थंड प्रदेशांत लिहिलेली आहेत. लिनो इस्त्रीने शेकून घ्या, दोन रंगांच्या मध्ये आठवडाभर थांबा, शाईत ती वाळवणारे द्रव्य मिसळा, अशा त्यांतल्या सूचना आपल्याकडच्या एप्रिलमध्ये पाळल्या तर काम बिघडते. पद्धत तीच राहते, पण तिचे वेळापत्रक आपल्याला आपल्या हवेप्रमाणे नव्याने बांधावे लागते.

लिनो म्हणजे लिनोलियम, आणि ते मुळात जमिनीवर अंथरण्यासाठी तयार झाले. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक वॉल्टनने १८६३ साली त्याचे पेटंट घेतले. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते. त्या घट्ट झालेल्या तेलात राळ, बुचाचा भुगा आणि लाकडाचा बारीक भुसा मिसळून तो लगदा तागाच्या कापडावर थापला की लिनोलियम होते. आपण ज्या शाईने छापतो तिचा पारंपरिक आधारही जवसाचे तेलच आहे, आणि तीही तशीच, प्राणवायू शोषून वाळते. विदर्भात रब्बीला जवस पेरतात, निळ्या फुलांनी शेत भरते आणि घरोघरी जवसाची चटणी होते. त्याच बियांच्या तेलावर ही सगळी कला उभी आहे, याचे मला मनापासून अप्रूप वाटते. ही माहिती कामाचीही आहे. घट्ट होण्याची क्रिया लिनो तयार झाल्यावरही आत चालूच राहते, म्हणून उन्हाळाभर उघड्यावर पडलेला लिनो कडक होतो आणि कोरताना त्याच्या कडांचे कण सुटतात. लिनो विकत घेताना कोपऱ्यावर नख दाबून पाहावे, वळ उमटला तर तो ताजा आहे. घरी आणल्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पलंगाखाली किंवा कुठल्याही थंड जागी आडवा ठेवावा.

ही पद्धत जगापुढे ठळकपणे आली ती पाब्लो पिकासोमुळे. १९५८ साली त्याने सोळाव्या शतकातला जर्मन चित्रकार क्रानाख याच्या एका व्यक्तिचित्रावरून जो रंगीत लिनोकट केला, त्यात प्रत्येक रंगासाठी वेगळा लिनो कोरला होता. इतके सगळे लिनो एकमेकांशी बिनचूक जुळवणे फार कष्टाचे होते. पुढच्याच वर्षी तो दक्षिण फ्रान्समधल्या व्हालोरिस गावचा मुद्रक हिदाल्गो आर्नेरा याच्या साथीने एकाच लिनोवरून सगळे रंग काढू लागला. आपल्याकडे लिनोकट म्हटले की नंदलाल बोस यांनी १९३० साली केलेले, काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींचे चित्र आठवते. ते एकाच रंगात आहे, तरीही रिडक्शन शिकू पाहणाऱ्याने आधी त्याच्याकडे निरखून पाहावे असे मी म्हणेन. काळ्या पृष्ठभागातून पांढरी रेष खोदून काढलेली आहे, आणि जे दिसते ते काढून टाकल्यामुळे दिसते, हा विचार एका रंगात पक्का झाल्याशिवाय पाच रंगांत टिकत नाही.

पळस निवडण्याचे कारण सरळ होते. नागपूरहून रामटेककडे किंवा काटोलकडे जाताना रस्त्याच्या कडेने या दिवसांत निष्पर्ण झाडे शेंदरी फुलांनी भरलेली असतात. पळसाला पाने तीनच म्हणतात, पण ऐन बहरात ती तीनही नसतात. त्यामुळे हिरव्या रंगाचा प्रश्नच येत नाही. रिडक्शनमध्ये ही मोठी सोय आहे. एका रंगावर दुसरा चढत जात असल्यामुळे रंग एकाच कुळातले असतील तर प्रवास सुखाचा होतो, आणि नारिंगीवर हिरवा चढवावा लागला की खालचा रंग वरच्याला मळवतो.

पण आकाशाचे काय करायचे? पहिला मोह निळ्या आकाशाचा होतो. फिका निळा हा चित्रातला सर्वांत फिका रंग आहे, तो आधी छापावा आणि वर नारिंगी द्यावा, असे सुचते. परंतु रिडक्शनमध्ये पहिला रंग फक्त आकाशापुरता राहत नाही. फुले, फांद्या, देठ सगळ्यांच्या खाली तो जातो, आणि निळ्यावर छापलेला पारदर्शक नारिंगी रंग राखट होतो. नारिंगीत अपारदर्शक पांढरा मिसळून निळा झाकता येतो, पण मग नारिंगी खडूसारखा निस्तेज पडतो, आणि पळसाच्या फुलाचा सगळा जीव त्याच्या झळाळीत आहे. निळ्याच्या वेळी फुलांच्या जागी कागदाची कात्रणे ठेवून त्या झाकून घेणे हा दुसरा मार्ग आहे. तो करता येतो, मात्र प्रत्येक प्रतीला कात्रण नेमके बसवावे लागते. मी आकाशाकडेच पुन्हा पाहिले. होळीनंतर नागपूरचे आकाश दुपारी निळे कुठे असते? धुळीने ते मातकट पिवळे, किंचित राखाडी दिसते. तोच रंग पहिला घेतला, आणि त्यावर आलेल्या नारिंगीला खालून आपोआप ऊब मिळाली. क्रम असा ठरला: कोरा कागद, म्हणजे ऊन पडलेल्या पाकळ्यांच्या कडा, मग मातकट पिवळा, मग फिका नारिंगी, मग शेंदरी, मग तांबूस तपकिरी, आणि शेवटी शेवाळी झाक असलेला काळपट रंग.

पळसाच्या फुलांवर मध प्यायला शिंजीर येतात. जांभळ्या शिंजीराचा नर उन्हात जांभळा-निळा चमकतो, आणि तो रंग वर दिलेल्या क्रमात कुठेच बसत नाही. पण सावलीत तोच पक्षी काळा दिसतो. म्हणून त्याला फांदीच्या सावलीच्या बाजूला बसवले, चोच खाली वाकवली आणि शेवटच्या रंगात घेतले. चित्रात काय असावे हे क्रमाने ठरवावे लागते, याला काही जण बंधन म्हणतील. मला मात्र या पद्धतीतला हाच भाग सर्वांत आवडतो, कारण प्रत्येक वस्तूकडे ती खरोखर कोणत्या उजेडात कशी दिसते म्हणून पाहावे लागते.

आराखडा पूर्ण झाल्यावर तो उलटा करून कार्बन कागदाने लिनोवर उतरवला. पाच रंगांच्या कामात लिनो तेला-साबणाने अनेकदा पुसला जातो आणि कार्बनची रेष दुसऱ्या रंगापर्यंतही टिकत नाही. मार्करने गिरवले तर त्याची शाई फिक्या रंगात उतरण्याची भीती असते. त्यावर मला मानवलेला उपाय म्हणजे चपडा. सुताराकडे पॉलिशसाठी वापरतात तो चपडा स्पिरिटमध्ये पातळ विरघळवून त्याचा एक हात लिनोवर फिरवला की रेषा बंदिस्त होतात आणि तेलाने पुसल्या जात नाहीत. चपडा लाखेपासून होतो, आणि लाखेचे किडे ज्या झाडांवर पोसले जातात त्यांत पळसही आहे.

आता कागद. वीस प्रती हव्या असतील तर सव्वीस-सत्तावीस कागद घ्यावेत, कारण प्रत्येक रंगाला एखादा कागद तरी कामातून जातो. कुठे जुळणी सरकते, कुठे बोटाचा डाग पडतो, कुठे शाई कमी लागते. गेलेले कागदही फेकू नयेत, पुढच्या रंगाची पहिली चाचणी त्यांच्यावर घेता येते. वर्ध्याला मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला तेव्हापासून आपल्या शेजारीच हातकागदाची परंपरा आहे, आणि गुळगुळीत दाबलेला हातकागद शाई फार छान धरतो. यंत्रावरच्या कागदात तंतू एका दिशेने बसलेले असतात, म्हणून दमट हवेत तो एका बाजूने जास्त वाढतो. हातकागद दोन्ही बाजूंनी साधारण सारखा वाढतो. यंत्राचा कागद वापरायचा असेल तर सगळे कागद एकाच दिशेने कापावेत, मोठ्या तावातून निम्मे आडवे आणि निम्मे उभे कापू नयेत. हातकागदाची अडचण निराळी आहे. त्याच्या कडा पिसलेल्या असतात, आणि जुळणी तर कडेवरच अवलंबून असते.

जुळणीसाठी मी मोहल्ल्यातल्या सुताराकडून एक पाटी करून घेतली. एमडीएफच्या तळावर लिनोच्या जाडीइतक्या, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटरच्या पट्ट्यांची चौकट, आत लिनो घट्ट बसेल अशी. आणि बाहेरच्या बाजूला कागदाचा कोपरा व एक कड टेकवायला दोन थांबे. लिनोही मागून पातळ एमडीएफवर चिकटवून घ्यावा आणि चौकट तेवढी उंच करावी, म्हणजे पुन्हापुन्हा दाब पडून तो पसरत नाही. सुताराने पाटी हाती देताना माझा कागद उचलून त्याच्या कोपऱ्यावर आपला गुण्या टेकवला आणि म्हणाला, “ताई, पाटी काटकोनात आहे, पण तुमचा कागदच कोपऱ्यात बसत नाही. एक बाजू निघून गेली, तर मी पाटी कितीही नेमकी केली तरी काय उपयोग?” त्याचे म्हणणे अगदी खरे होते. थांब्यांना टेकणाऱ्या दोन कडा गुण्याला लागून धारदार पातीने कापलेल्या असल्याच पाहिजेत, आणि पाचही रंगांना त्याच दोन कडा टेकवल्या पाहिजेत. ओळख राहावी म्हणून मी प्रत्येक कागदाच्या मागे त्या कोपऱ्यात पेन्सिलीने लहान खूण करते. हातकागदाच्या पिसलेल्या कडा जपायच्या असतील तर छिद्रे असलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या कागदाला मागून चिकटवून त्या पाटीवरच्या धातूच्या पिनांत अडकवायची पद्धत वापरावी. तिच्यात कड कशीही असली तरी चालते.

एवढे सगळे नेमके केले तरी नागपूरच्या उन्हाळ्यात एक गोष्ट जुळणी बिघडवते, आणि पुस्तकांत तिचा उल्लेख असण्याचे कारणच नाही. ती म्हणजे कूलर. मार्च संपताना घरोघरी कूलर उतरवले जातात, त्यांत नवी ताटी बसते, पाण्याचा पंप सुरू होतो आणि बाहेर रखरखीत कोरडी हवा असताना खोलीत दमट वारा वाहू लागतो. कूलर चालू असलेल्या खोलीत रात्रभर राहिलेला कागद आणि दुपारी तो बंद करून बाहेरच्या हवेत सुकलेला कागद, यांच्या लांबीत अर्ध्या-एका मिलिमीटरचा फरक सहज पडतो. एकरंगी चित्रात तो कळणारही नाही. पण फिका नारिंगी दमट कागदावर छापला आणि शेंदरी कोरड्या कागदावर, तर एका कोपऱ्यात पाकळ्या तंतोतंत बसतात आणि समोरच्या कोपऱ्यात त्यांच्या बाजूने पिवळी फट दिसू लागते. पाटीत किंवा हातात दोष नसतो, कागद आखडलेला असतो. छापणाऱ्याला हे कळत नाही, म्हणून तो थांबे सरकवत बसतो आणि पुढच्या प्रती आणखी बिघडतात.

यावर मी जे पाळते ते असे. छापण्याच्या आदल्या संध्याकाळपासून त्या खोलीतला कूलर बंद. सगळे कागद त्याच खोलीत दोरीवर, एकमेकांना न चिकटता, रात्रभर टांगलेले. सूर्य उगवताच छपाई सुरू करायची आणि ऊन तापण्यापूर्वी त्या रंगाच्या सगळ्या प्रती एका बैठकीत पूर्ण करायच्या. पाचही रंगांना हेच, त्यात सवलत नाही. एक रंग सकाळी आणि दुसरा रात्री असे केले की हवेची स्थिती बदलते. घरातल्यांना एक रात्र उकाड्यात काढावी लागते, ते खरे. माझ्या घरी त्या रात्री सगळे गच्चीवर झोपतात, आणि एप्रिलपर्यंत ते सुखाचेही असते. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ऐन तापाचे नऊ दिवस, लागल्यावर मात्र मी हे काम घेत नाही. पारा ४५ अंशांच्या पुढे गेल्यावर शाई, लिनो आणि माणूस तिन्ही साथ देत नाहीत.

कोरण्याचेही वेळापत्रक तसेच. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी लिनो इतका गार आणि कडक असतो की हत्यार घसरते. तेव्हा तो दहा मिनिटे उन्हात ठेवला की लोण्यासारखा नरम होतो, इस्त्रीची गरज नाही. एप्रिलच्या दुपारी उलट होते. लिनो इतका मऊ पडतो की हत्यारापुढे तो कापला जाण्याऐवजी ओढला जातो, रेषांच्या कडा गोल होतात आणि बारीक जागा हाताच्या दाबाने दबतात. म्हणून मी सकाळीच कोरते. व्ही आकाराच्या हत्याराने आधी कड आखून घ्यावी, मग यू आकाराच्या हत्याराने मधली जागा साफ करावी. वळण घेताना हात स्थिर ठेवून लिनो फिरवावा. दुसरा हात नेहमी हत्याराच्या मागे असावा. खाच खाली जाताना अरुंद होत गेली पाहिजे, म्हणजे उभ्या राहिलेल्या भागाचा पाया रुंद राहतो. आत पोखरली गेलेली कड दोन रंग टिकते आणि तिसऱ्याला तुटते, आणि रिडक्शनमध्ये तर तीच कड पुढचे तीन-चार रंग सोसणार असते.

पहिल्या कोरणीत फारच थोडे काढायचे असते, पाकळ्यांच्या पाठीवरच्या उजेडाच्या बारीक फाकी, बस. पळसाचे फूल जवळून पाहिले तर त्याची एक पाकळी मागे वळलेली असते आणि खालच्या दोन जुळून चोचीसारखे टोक होते. ऊन त्या टोकाच्या पाठीवर एका रेघेत पडते आणि पाकळीवरची रेशमी लव तिथे चांदीसारखी दिसते. ती रेघ सलग कोरली तर तार चिकटवल्यासारखी दिसते. ती मध्ये तुटती हवी, टोकाकडे जाताना नाहीशी होणारी. दुसऱ्या कोरणीत, म्हणजे पिवळा छापून झाल्यावर, आकाश सगळे जाते. हे काम मोठे आहे. कोरलेल्या मोकळ्या जागेत राहिलेले उंचवटे पुढच्या रंगात आडव्यातिडव्या रेघा उमटवतात. पुष्कळ कलावंतांना त्या हाताच्या खुणा म्हणून आवडतात, आणि कित्येक चित्रांत त्या शोभतातही. धुळीचे आकाश मात्र मला सपाट हवे होते, म्हणून ती जागा मी तागाच्या कापडापर्यंत साफ केली.

शाई मी छापखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानातून ऑफसेटची आणते. तिचे पिवळा, किरमिजी, निळा हे मूळ रंग पारदर्शकच असतात, आणि रिडक्शनला तेच हवे असते. पहिल्या पिवळ्यात रंग नावापुरता आणि पारदर्शक माध्यम भरपूर, वर चिमूटभर काळ्याचा स्पर्श. काचेवर तो इतका फिका दिसतो की विश्वास बसत नाही, पण कागदावर पुरेसा येतो. उन्हाळ्यात शाई पातळ होते आणि बारीक खाचा भरून काढते, तेव्हा तीत मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड मिसळून ती घट्ट करावी. काचेवर रोलर फिरवताना कानाने ऐकावे. पातळ, एकसारखा थर असेल तर बारीक चरचर ऐकू येते. ओला चपचप आवाज आला आणि रोलरवरची शाई संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसू लागली तर ती जास्त झाली आहे, कोरड्या कागदावर रोलर फिरवून काढून टाकावी. पहिले दोन रंग शक्य तितके पातळ लावावेत, कारण कागदाची शाई पिण्याची ताकद तिसऱ्या रंगापर्यंत संपते आणि पुढचे थर एकमेकांवर नुसते बसतात.

माझ्याकडे प्रेस नाही. कागद पाटीवर टेकवून वर बटर पेपर ठेवते आणि लाकडी चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासत जाते. कागदाचा एक कोपरा धरून अर्धा उचलून पाहता येतो, जिथे रंग फिका आला असेल तिथे पुन्हा लिनोवर शाई न लावता घासता येतो, हा हाताच्या छपाईचा फायदा प्रेसवर मिळत नाही.

दोन रंगांच्या मध्ये किती थांबायचे, याचे उत्तर ऋतूवर आहे. आपल्याकडे चैत्रात पातळ थर दोन दिवसांत इतका सुकतो की त्यावर बोट फिरवले तर डाग येत नाही. वाळवणारे द्रव्य मिसळण्याची गरज नाही. उलट ते घातल्यास थर वरून काचेसारखा कडक होतो आणि पुढची शाई त्याला धरत नाही. फार दिवस थांबणेही बरे नाही. तोच थर श्रावणात आठ-दहा दिवस ओला राहतो, आणि त्या काळात पाच रंगांचे चित्र हाती घेतले तर ते दिवाळीपर्यंत चालते.

शेंदरी हा या चित्राचा प्राण होता आणि त्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. काचेवर जमलेला शेंदरी रंग पिवळ्या आणि नारिंगीवर पडल्यावर तांबडा होतो, म्हणून काचेवर तो दिसायला हवा त्यापेक्षा पिवळसर ठेवावा लागतो, आणि खरा अंदाज कामातून गेलेल्या कागदावर छापूनच येतो. फुले शेंदरी होताना फांद्या आणि पक्षीही शेंदरी होतात, कारण ते अजून लिनोवर उभे असतात. पुढे त्यांच्यावर तपकिरी व काळा येणार, तेव्हा खालचा शेंदरी त्यांना ऊबच देतो. फक्त लांबच्या बारीक काड्यांच्या बाजूने जुळणी केसभर सरकली तरी शेंदरी किनार दिसते. त्यासाठी नारिंगी आणि शेंदरीच्या वेळी, लिनोवर शाई लावून झाल्यावर, त्या काड्यांवरची शाई बोटाला गुंडाळलेल्या फडक्याने दर प्रतीला पुसून घेतली. कंटाळवाणे काम आहे, पण त्यामुळे काड्या आकाशाच्या पिवळ्यावर स्वच्छ उमटतात.

तपकिरीनंतर लिनोवर फारच थोडे उरते: फांदीची सावलीची बाजू, शिंजीर, आणि फुलांचे निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांच्या बुडाशी असलेल्या वाट्या. पळसाचा निदलपुंज मखमली असतो, काळा म्हणावा तर त्यात शेवाळी हिरवट झाक असते, आणि शेंदरी पाकळी इतकी पेटलेली दिसते ती त्याच्या शेजारामुळे. इथे निव्वळ काळी शाई वापरू नये. खाली चार थर असताना ती वर चकाकते आणि छिद्र पडल्यासारखी दिसते. काळ्यात थोडा पिवळा, थोडा निळा आणि पारदर्शक माध्यम घातले की खालचा तांबूसपणा आतून जाणवत राहतो आणि मखमल दिसते. या वेळी दाब कमी ठेवावा, कारण चार थरांवर शाई घसरते आणि जोर दिला की कडांबाहेर पसरते.

लिनो, काच आणि रोलर पुसायला रॉकेल लागत नाही. साधे खाण्याचे तेल फडक्यावर घेऊन शाई सोडवावी आणि नंतर साबणाच्या पाण्याने पुसावे. इथे एक सूचना नागपूरकरांनी अतिशय गांभीर्याने घ्यावी. वाळणाऱ्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून टाकली तर प्राणवायू शोषताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. आपल्या उन्हाळ्यात बंद खोलीत तर हा धोका जास्त. काम संपताच सगळी फडकी पाण्याच्या बादलीत बुडवावीत, किंवा गच्चीच्या कठड्यावर एकेक सुटी पसरून पूर्ण वाळल्यावरच टाकावीत.

ज्या प्रतींत पाचही रंग जुळले तेवढ्याच आवृत्तीत मोजाव्यात. चित्राखाली डावीकडे प्रतीचा क्रमांक आणि एकूण संख्या, जसे ७/२०, मध्ये चित्राचे नाव, उजवीकडे सही, हे सारे पेन्सिलीने. लिनो संपलेला असल्यामुळे ही संख्या पुढे कोणालाही वाढवता येत नाही, अगदी स्वतः चित्रकारालाही नाही; विकत घेणाऱ्याला हे आवर्जून सांगावे, कारण आपल्याकडे छापील चित्र म्हटले की त्याच्या हव्या तेवढ्या प्रती निघतात असा समज आहे. शेवटचा रंग सुकला असे वाटले तरी पाच थर आतून पूर्ण वाळायला कित्येक आठवडे लागतात. तोवर प्रती एकमेकींवर थेट ठेवू नयेत, मध्ये बटर पेपर घालून सपाट ठेवाव्यात आणि मृगाच्या सरी येण्यापूर्वी त्या पेटीत जातील असे पाहावे. फ्रेम करायची असेल तर भोवती जाड माउंट घालावा, म्हणजे काच शाईला टेकत नाही.